विमान कंपनीत ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय होते?

जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिना येथे विमानतळावरच्या सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा सुमारे 2,200 होत्या आणि तरुण आले हजारोंनी. बुलढाण्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांतूनही मुले आली होती. गर्दी इतकी वाढली की चेंगराचेंगरी होते की काय असे वाटू लागले. शेवटी अर्ज ठेवून घेऊन मुलांना परत पाठवावे लागले.

अशा रेट्यातून ज्याला नोकरी लागते, तो सहसा प्रश्न विचारत नाही. घरात पेढे वाटले जातात, गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो, आणि पुढे आत काहीही सोसावे लागले तरी ‘एवढ्या मुश्किलीने मिळालेली नोकरी’ म्हणून तोंड बंद राहते. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ, लोडर, तंत्रज्ञ, वैमानिक अशा अनेक वाटांनी मराठी मुले-मुली या क्षेत्रात येत आहेत. त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी कामाची जागा कशी पारखावी, हे या लेखात सांगायचे आहे.

कष्ट कोणते, जाच कोणता

आधी एक गोष्ट मान्य करू. हे काम मुळातच कठीण आहे. पहाटे तीन वाजता कॅब दारात उभी राहते. गणपतीत आणि दिवाळीत ड्युटी लागते. सणाची सुट्टी ज्येष्ठांना आधी मिळते, नव्याचा नंबर नंतर लागतो. केस, नखे, बूट रोज तपासले जातात. उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये आपत्कालीन प्रक्रियेवर प्रश्न विचारतात आणि उत्तर आले नाही तर त्या दिवशी विमानातून उतरवतातही. प्रवासी विमानाला मान्यता देताना ते 90 सेकंदांत रिकामे करता येते का, हे पाहिले जाते. त्या 90 सेकंदांत पुस्तक उघडून बघता येत नाही, म्हणून ही कडक शिस्त. तिला जाच म्हणणे अन्यायाचे होईल.

मग जाच ओळखायचा कसा? माझ्या मते एकच कसोटी इतर सर्वांच्या वर ठेवण्याजोगी आहे. ‘मी दमलो आहे’, ‘हा बिघाड लिहावाच लागेल’, ‘थांबा, इथे काहीतरी चुकतंय’ असे म्हणणाऱ्या माणसाचे पुढच्या महिन्यात काय होते? इतर नोकऱ्यांत गप्प राहिल्याने माणूस कुढतो, फार तर फाइल बिघडते. इथे गप्प राहण्याची किंमत कधी कधी विमानातले सगळे मोजतात.

22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीच्या पलीकडे दरीत कोसळले. 166 पैकी 158 जण गेले. चौकशी अहवालात जे आले ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेले होते. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूवर जी सुस्ती राहते, तिचा परिणाम त्यांच्या निर्णयावर झाला असावा, असे चौकशीत म्हटले गेले. विमान जास्त उंचीवरून, चुकीच्या कोनातून उतरत होते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याविषयी तीन वेळा सांगितले. विमानातली यंत्रणाही इशारे देत होती. तरी कॅप्टन थांबले नाहीत आणि सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतले नाही. अशा वेळी सहवैमानिकाने नेमके काय करावे याबाबतच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, असेही अहवालात नोंदले आहे.

या घटनेत थकवा आहे आणि वरिष्ठापुढे कनिष्ठाचा आवाज कमी पडणेही आहे. 1977 मध्ये तेनेरिफ बेटावर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून 583 जण मेले. तिथेही केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका काढली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली. पुढच्याच वर्षी पोर्टलंडला युनायटेडचे विमान इंधन संपून पडले. अशा अपघातांनंतर ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण जगभर आले. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, हे त्यात शिकवतात. तुमच्या कंपनीत हा वर्ग होतच असेल, तो सक्तीचा आहे. पण त्या वर्गात शिकवलेले विमानात पाळले जाते का, ते बघा. वर्गात ‘बोला’ आणि विमानात ‘तुला किती वर्षं झाली रे इथे?’ असे चालत असेल, तर ते पहिले आणि सर्वांत मोठे लक्षण आहे.

रोस्टर वाचायला शिका

या क्षेत्रात माणसाच्या आयुष्याचा ताबा रोस्टरकडे, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाकडे असतो. कंपनी कशी आहे हेही रोस्टरच सांगते, पण त्यासाठी एका महिन्याचे पुरत नाही. सलग तीन-चार महिन्यांची रोस्टर शेजारी शेजारी ठेवा. आधी जाहीर झालेले आणि प्रत्यक्षात केलेले, दोन्ही. पावसाळ्यात मुंबईला धावपट्टी बंद झाली, उत्तरेत धुके पडले, तर बदल होणारच. पण कोणतेही कारण नसताना रोजच रात्री अकराला फोन येतो, स्टँडबायच्या दिवशी ठरल्यासारखे ड्युटीवर बोलावलेच जाते, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ‘फक्त एक सेक्टर कर’ म्हणून गळ घातली जाते, तेव्हा कंपनीकडे माणसे कमी आहेत आणि ती तूट तुमच्या झोपेतून भरली जात आहे, असे समजा.

नियम काय आहेत ते तुम्हाला पाठ हवेत. वैमानिकांच्या ड्युटीबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये सुधारित नियम काढले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्युटीत आधी सहा लँडिंग्ज चालत, त्या दोनवर आणल्या गेल्या. कंपन्यांनी विरोध केला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी जुलै व नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. पुरेशी तयारी न केलेल्या इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर प्रवाशांचे हाल झाले. मग नियमांतून तात्पुरती सूट देण्यात आली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, ही अटही मागे घेण्यात आली.

ही शेवटची अट बारकाईने पाहण्यासारखी आहे. तुम्ही घरच्या लग्नासाठी दोन दिवसांची हक्काची रजा घेतली आणि कंपनीने तीच तुमची साप्ताहिक विश्रांती म्हणून दाखवली, तर कागदावर सगळे नियमात बसते. तुमची विश्रांती मात्र गेलेली असते. केबिन क्रूसाठी ड्युटीचे नियम वेगळे आहेत, ग्राउंड स्टाफला कामगार कायदे लागू होतात. पण प्रश्न सगळ्यांनी एकच विचारायचा: माझी रजा आणि माझी सुट्टी वेगवेगळी मोजली जाते का?

आता थकव्याच्या अहवालाबद्दल. ‘फटीग रिपोर्ट’ देण्याची सोय कंपनीत असलीच पाहिजे आणि तो दिला म्हणून शिक्षा होता कामा नये. सोय असते. तरीही आपल्या बेसवरच्या, म्हणजे नेमणुकीच्या विमानतळावरच्या चार-सहा जणांना सहज विचारून बघा, गेल्या वर्षभरात कुणी असा अहवाल दिला का? शेकडो माणसे रात्री उडत असताना एकानेही दिला नसेल, तर कुणी दमत नाही असा त्याचा अर्थ नाही. अहवाल दिला की दुसऱ्या दिवशी बेस मॅनेजर ‘गप्पा मारायला’ बोलावतो, हे सगळ्यांना माहीत असते. आजारपणाच्या रजेचेही तसेच. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागणे ठीक आहे. पण ताप असताना फोनवर ‘तुझ्यामुळे फ्लाइट कॅन्सल होईल’ असे सुनावणे, रजेनंतर मुद्दाम सर्वांत वाईट पाळ्या लावणे, हा जाच आहे.

शिक्षा कशी होते हेही समजून घ्या, कारण ती क्वचितच लेखी असते. केबिन क्रू आणि वैमानिकांच्या पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. एखाद्याला ‘ऑफ रोस्टर’ केले, तासच कमी दिले, बाहेरगावी मुक्कामाची उड्डाणे काढून घेतली, की त्याच्या हातात येणारी रक्कम एकदम खाली येते. त्याला मेमो मिळत नाही, नोटीस मिळत नाही. गृहकर्जाचा हप्ता मात्र चुकतो. म्हणूनच शांतपणे एवढे पाहावे, की मागच्या वर्षी ज्यांनी तक्रार केली त्यांचे तास आज किती आहेत?

डिले कुणाच्या नावावर?

विमान उशिरा सुटले की त्या उशिराचे कारण एका ठरलेल्या सांकेतिक क्रमांकाने नोंदवतात. त्याला डिले कोड म्हणतात. इंधन भरणारा उशिरा आला, प्रवासी उशिरा आले, साफसफाई रेंगाळली, बिघाड निघाला, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. हेतू चांगला आहे. कारण कळले तर पुढच्या वेळी सुधारता येते. पण जिथे वातावरण बिघडलेले असते, तिथे विमान दारातून मागे सरकण्याआधीच हे बालंट कुणावर टाकायचे याचे भांडण वॉकी-टॉकीवर सुरू होते. कमी भाड्याच्या कंपन्यांत विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत जेमतेम अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात लोडर, तंत्रज्ञ, केबिन क्रू, गेटवरचे कर्मचारी हे सगळे एकमेकांचे सोबती असतात की एकमेकांवर पाळत ठेवणारे, हे नव्या माणसालाही आठवडाभरात कळते.

या घाईचा सर्वांत जास्त बोजा रॅम्पवर, म्हणजे विमान उभे राहते त्या जागेवर पडतो आणि रॅम्पवरच्या माणसांविषयी सर्वांत कमी लिहिले जाते, याचे मला वाईट वाटते. मे महिन्यात नागपूरला काँक्रीटवर उभे राहून बॅगा उचलणे काय असते, याची कल्पना आत वातानुकूलित गेटवर बसलेल्याला येत नाही. त्यातले बरेच जण कंत्राटदाराचे कामगार असतात. गणवेशावर एका कंपनीचे नाव, पगार दुसरीकडून, हुकूम तिसऱ्याचा. अशा ठिकाणी जबाबदारी कुणाची, हे अपघातानंतरच शोधले जाते. त्यामुळे पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. कानात घालायचे प्लग आणि चमकणारे जाकीट मिळते का, पाणी आणि सावली आहे का, दोन पाळ्यांमध्ये झोपायला वेळ मिळतो का, आणि पाठीला दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करतो.

डिसेंबर 2015 मध्ये मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला आणि जागीच गेला. इशारा समजण्यात सहवैमानिकाचा गोंधळ झाला होता. अशा मोठ्या घटनेच्या आधी अनेकदा लहान गोंधळ होऊन गेलेले असतात: इशारा नीट दिसला नाही, माणूस अजून बाजूला झाला नव्हता, पण निभावले. हे ‘निभावले’ जिथे नोंदवले जाते तिथे पुढचा अपघात टळू शकतो. जिथे नोंदवणाऱ्याचीच चौकशी लागते, तिथे सगळे ‘निभावले’ मनातच राहतात.

देखभाल विभागात हे आणखी नाजूक असते. काही किरकोळ बिघाड असतानाही ठरलेल्या मुदतीपर्यंत विमान उडवायला नियमानेच परवानगी असते. त्याची यादीच असते, एमईएल म्हणतात तिला. त्यामुळे ‘बिघाड असताना उडवले’ एवढ्यावरून कंपनीला नावे ठेवू नयेत. धोक्याची खूण वेगळी आहे. बिघाड टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत लिहू नका, तोंडी सांगा, ‘बेसला पोहोचल्यावर बघू’, असे सांगितले जात असेल. सही करायला नकार देणाऱ्या अभियंत्याऐवजी दुसऱ्याला बोलावून सही घेतली जात असेल. तर तिथे एक दिवसही गाफील राहू नका. लायसन्सधारक अभियंत्याच्या सहीची जबाबदारी त्याच्यावरच राहते, तोंडी हुकूम देणारा मॅनेजर कागदावर कुठेच नसतो.

चांगल्या ठिकाणी चूक आणि बेपर्वाई यांत फरक करतात. या क्षेत्रात त्याला ‘जस्ट कल्चर’ म्हणतात. प्रामाणिक चूक कबूल करणाऱ्याला पुन्हा शिकवायचे, जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला शिक्षा करायची. सगळ्याच कंपन्यांच्या भिंतींवर याची पोस्टर असतात. पोस्टर वाचू नका. शेवटची चूक ज्याने आपणहून सांगितली, तो आज कुठे आहे ते विचारा.

गणवेशाच्या आत

केबिन क्रूच्या मुलींना नीटनेटके राहायला सांगणे एक, आणि त्यांच्या शरीरावर हक्क सांगणे दुसरे. आपल्या देशाने ही लढाई न्यायालयात पाहिली आहे. एअर इंडियात एके काळी हवाई सुंदरीला वयाच्या 35 व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणात, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा नोकरी सोडावी लागे. 1981 मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. आता कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे. तरीही मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ असे विचारले जात असेल, वजनावरून ब्रीफिंगमध्ये सर्वांसमोर टोमणे मारले जात असतील, गरोदर झालेल्या मुलीला जमिनीवरचे काम देताना ‘आता तुझं करिअर संपलं’ असे हसत सांगितले जात असेल, तर ते नीटनेटकेपणा शिकवणे, म्हणजे ग्रूमिंग नाही.

लैंगिक छळाबाबत 2013 चा कायदा अनेकींना नीट माहीत नसतो. म्हणून थोडे सविस्तर सांगते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. कामाची जागा म्हणजे फक्त विमान आणि ऑफिस नाही. कामानिमित्त जिथे जाल ती जागा आणि कंपनीने दिलेली गाडीही त्यात येते. म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाचे (लेओव्हरचे) हॉटेल आणि पिकअपची कॅब दोन्ही. ‘ते ड्युटीबाहेर झालं’ असे कुणी म्हणाले तर मान्य करू नका. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे. चौकशी चालू असताना तुम्ही बदली किंवा रजा मागू शकता, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच सोबत उडावे लागत नाही. रुजू झाल्याच्या आठवड्यातच समितीच्या सदस्यांची नावे विचारून ठेवा. नावे सांगताना एचआरची टाळाटाळ झाली तर तुम्हाला उत्तर मिळाले आहे.

प्रवासी त्रास देतो तेव्हा कंपनी कुणाच्या बाजूने उभी राहते, हेही पाहा. बेशिस्त प्रवाशाबाबत डीजीसीएचे नियम स्पष्ट आहेत. तोंडी त्रासासाठी तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक त्रासासाठी सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका निर्माण केल्यास किमान दोन वर्षे उड्डाणबंदी करता येते. क्रूने तक्रार केल्यावर ‘नेहमीचा प्रवासी आहे, जाऊ दे’ असे म्हणून कागद फाडला जात असेल, तर ही कंपनी तुम्हाला तिकिटापेक्षा स्वस्त समजते.

पासबुक आधी सांगते

कंपनी आर्थिक संकटात आली की माणसांशी वागणूक आधी बिघडते आणि त्याची चाहूल कर्मचाऱ्यांना विमाने थांबण्याच्या कितीतरी आधी लागू शकते. किंगफिशरचा परवाना ऑक्टोबर 2012 मध्ये स्थगित झाला, तोवर कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे पगार थकले होते. जेट एअरवेजची विमाने 17 एप्रिल 2019 ला थांबली, पण वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठांचे पगार हप्त्याहप्त्याने यायला 2018 मध्येच सुरुवात झाली होती. गो फर्स्ट मे 2023 मध्ये बंद पडली. या तिन्ही वेळी ‘आपलं कुटुंब आहे, थोडं सांभाळून घ्या’ या भावनेपोटी कित्येक जण शेवटपर्यंत थांबले. त्यांची निष्ठा खरी होती, म्हणूनच त्यांचे नुकसान जास्त बोचते.

दर महिन्याला दोन गोष्टी तपासा. पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा व्हायला हवा, तो ईपीएफओच्या पासबुकात दिसतो. कापलेला आयकर फॉर्म 26 एएसमध्ये दिसतो, मात्र तिथे तो तिमाहीनंतर दिसतो. पगारपत्रकावर कापल्याचे दिसते पण इथे जमा झालेले नाही, असे झाले तर एकदा लेखी विचारा. दुसऱ्यांदा झाले तर नवी नोकरी शोधायला लागा. पगाराच्या तारखा मागे सरकणे, वैद्यकीय विम्याचे नूतनीकरण लांबणे, हॉटेलने क्रूला खोली द्यायला नकार देणे, सुटे भाग एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवणे, या गोष्टी एकत्र दिसू लागल्या की थांबून वाट पाहण्यात अर्थ नाही.

सही करण्यापूर्वी

नोकरीसाठी पैसे मागितले तर तिथेच संपवा. नामांकित विमान कंपन्या भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क घेत नाहीत आणि गणवेशाची ‘अनामत रक्कम’ मागणारे फोन बहुधा फसवणुकीचे असतात. लाखोंची फी घेऊन शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या प्रशिक्षण संस्थांबाबत पालकांनी विशेष जपावे. केबिन क्रूची निवड झाल्यावर कंपनी स्वतःचे प्रशिक्षण देतेच.

बाँडवर सही करण्यापूर्वी रक्कम, मुदत आणि महिन्यांनुसार ती कमी होते का, हे वाचा. ‘बाँड कायद्याने चालत नाहीत’ हा समज चुकीचा आहे. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान सेवेची अट आणि वाजवी भरपाई वैध ठरवली. अवाजवी रकमेला मात्र आव्हान देता येते. प्रशिक्षणावर काय खर्च झाला ते कंपनीने दाखवायला हवे. मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही ताब्यात देऊ नका. आखाती कंपनीत जाणाऱ्यांनी राहण्याच्या जागेचे नियम, नोकरी सोडल्यावर व्हिसाचे काय होते, लग्न आणि गरोदरपणाबाबत करारात काय आहे, हे लेखी मागावे. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कतार एअरवेजच्या अशाच काही नियमांवर भेदभावाचा ठपका ठेवला होता.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतात. तेव्हा विचारा: या बेसवर वर्षभरात किती जण सोडून गेले? उत्तरापेक्षा समोरच्याचा चेहरा जास्त सांगतो.

जाच सुरू झाला तर

लिहून ठेवा. तारीख, वेळ, उड्डाण, कोण काय बोलले, कोण हजर होते. बदललेल्या रोस्टरचे स्क्रीनशॉट घ्या. तोंडी हुकूम मिळाला तर ‘आपण सांगितल्याप्रमाणे मी अमुक करत आहे’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवा. अनेकदा चुकीचे हुकूम या दोन ओळींनी मागे घेतले जातात. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रे किंवा प्रवाशांची माहिती बाहेर काढू नका, विमानतळावर व्हिडिओ काढू नका. त्याने तुमचाच पास जाईल.

सुरक्षेचा प्रश्न असेल तर कंपनीच्या सेफ्टी विभागाकडे आणि गरज पडल्यास डीजीसीएच्या ऐच्छिक अहवाल व्यवस्थेकडे जा. पगार, बडतर्फी, ड्युटीचे तास यांसाठी लक्षात ठेवा की हवाई वाहतूक हा केंद्राच्या अखत्यारीतला उद्योग आहे, त्यामुळे केंद्रीय प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे दाद मागावी लागते. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली, कंपनीने काहींना काढून टाकले, आणि कामगार आयुक्तांसमोरच्या बैठकीनंतर त्यांना परत घेतले. अशी टोकाची पाळी येऊ देऊ नये, पण हे दार आहे हे माहीत असावे. एकट्याने लढू नका. संघटना असेल तर सभासद व्हा, नसेल तर निदान तीन-चार जणांनी मिळून एकच अर्ज द्या.

मनावर ताण आला तर लपवू नका. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्समध्ये विमान पाडले, त्याच्यासह 150 जण गेले. आजार कळला तर उडणे बंद होईल, या भीतीने त्याने तो दडवला होता. मानसिक त्रासाने ग्रासलेला प्रत्येक माणूस धोकादायक असतो, असा याचा अर्थ कुणी काढू नये. जिथे आजार सांगितला की पोटावर पाय येतो, तिथे माणसे आजार सांगत नाहीत, एवढेच यातून शिकायचे. कंपनीत पीअर सपोर्ट, म्हणजे सहकाऱ्यांनीच आधार देण्याची सोय असेल तर त्याचा उपयोग करा. बाहेरचे कुणी हवे असेल तर टेलिमानस हा शासनाचा मोफत क्रमांक आहे, 14416, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आणि सोडायचे ठरले तर नीट सोडा. डीजीसीएच्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. इतरांनी आपले नियुक्तीपत्र पाहावे. प्रशिक्षणाच्या नोंदींच्या प्रती आधीच घ्या, विमानतळाचा पास परत केल्याची पावती घ्या. आई-वडिलांनी अशा वेळी ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मुलांसमोर आणू नये, ही कळकळीची विनंती.

शेवटी एक विनंती ज्येष्ठांना, कॅप्टनना, केबिन सुपरवायझरना, रॅम्पवरच्या इन-चार्जना. नव्या मुलाने चाचरत ‘सर, मला हे बरोबर वाटत नाही’ असे म्हटले, तर हात थांबवा आणि पूर्ण ऐकून घ्या. त्याची शंका चुकीची निघाली तरी पुढच्या ब्रीफिंगमध्ये सर्वांसमोर त्याचे आभार माना.